एककला मोटर नुसती गुणगुणते तेव्हा

बटण दाबल्यावर मोटर गुणगुणते पण फिरत नाही, अशी तक्रार येताच ती ‘जळाली’ असे समजून गुंडाळी बदलण्यास धाडण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ही गुणगुण गुंडाळीतून प्रवाह वाहत असल्याचीच खूण होय. मोटर अगदी निःशब्द असेल तर गोष्ट निराळी. तेथे प्रथम फ्यूज व जोडण्या पाहाव्यात.

एकाच गुंडाळीतील प्रत्यावर्ती प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र फिरत नाही. ते एकाच अक्षावर वाढते, घटते व उलटते. परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांचे ते बनले आहे, असे मानता येते. रोटर स्थिर असता दोहोंची परिबले तुल्य व विरुद्ध असल्यामुळे फलित शून्य ठरते. मात्र रोटरास एका दिशेने पुरेशी गती मिळाली की त्या दिशेचे परिबल वरचढ होते. ही पहिली गती देण्यासाठीच साहाय्यक गुंडाळी असते. तिच्यातील प्रवाहाची कला धारित्र, म्हणजे बाजारातील कंडेन्सर, पुढे सरकवितो; आणि अनेक मोटरींत तुल्यकालिक वेगाच्या सुमारे ७५ टक्के वेग येताच केंद्रोत्सारी स्विच ही शाखा तोडतो.

निदान यातूनच निघते. वीज बंद करून भार सुटा करावा व दंड हाताने फिरवावा. तो अडखळला तर दोष यांत्रिक समजावा. मोकळा फिरल्यास त्यावर दोरी गुंडाळून ओढावी आणि दोरी सुटताच वीज द्यावी. ओढलेल्या दिशेने, मग ती कोणतीही असो, मोटर वेग घेऊ लागली तर मुख्य गुंडाळी बहुधा शाबूत असून दोष साहाय्यक शाखेत आहे: धारित्र निकामी, स्विचची टोके काजळलेली किंवा तार तुटलेली. धारित्रास हात लावण्यापूर्वी ते रोधकातून विसर्जित करावे. २३० व्होल्ट पुरवठ्यावर त्यात ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक विभव उरू शकतो.

भाराविना सुरू होणारी मोटर भार जोडताच अडत असेल तर पुरवठा मोजावा. आरंभ-परिबल व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १८० व्होल्टवर ते जवळजवळ ६१ टक्केच उरते. झिजलेले बेअरिंग मात्र फसवे असते. हाताने दंड सहज फिरतो, पण वीज देताच रोटर एका बाजूस खेचला जाऊन स्टेटरला चिकटतो.

यांतील कोणत्याही चाचणीत न फिरणारी मोटर दोन-तीन सेकंदांपलीकडे चालू ठेवू नये. अडलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते आणि पंखाही थांबलेला असतो. तपासणीस आलेली धड गुंडाळी तपासनिसाच्याच हातून जळते, ती अशा वेळी.