परिचारिकांचे अर्धवेळ काम

इंग्लंडमध्ये परिचारिकांची सरकारी नोंदवही 1921 साली उघडली. तिच्यात पहिल्या क्रमांकावर एथेल गॉर्डन फेनविक ह्या बाईंचे नाव आहे. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू इस्पितळाच्या त्या मेट्रन झाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस होते. 1887 साली त्यांनी डॉक्टर बेडफर्ड फेनविक ह्यांच्याशी विवाह केला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मेट्रनची जागा सोडली. परिचारिकांची नोंदणी कायद्याने व्हावी म्हणून त्या पुढे तीस-बत्तीस वर्षे झगडल्या; 1919 च्या अखेरीस कायदा झाला. म्हणजे नोंदवहीत जिचे नाव पहिले, तिला इस्पितळातली नोकरी सोडून तेव्हा चौतीस वर्षे होऊन गेली होती!

ही हकीकत आम्ही मुद्दाम प्रारंभी सांगितली. परिचारिकेचे काम आज ज्या आकाराचे आहे तो आकार त्याला कोणी आणि कोणासाठी दिला, हे तीवरून लक्षात येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात 1860 साली निघाली. तेथे शिकणाऱ्या मुलींनी इस्पितळातच राहावे, तेथेच जेवावे, तेथेच झोपावे, अशी व्यवस्था होती. ज्या बाईला मागे संसार नाही, तिच्या मापाने हा अंगरखा शिवला गेला. आपल्याकडेही निराळे घडले नाही. वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात 1875 साली ज्यांनी पाडली, त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई ह्यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन काढले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. त्या शिकणाऱ्यांत विधवा पुष्कळ. आधी घरच्यांची मनधरणी करायची, मग लोकांची कुचेष्टा सोसायची, आणि मग रात्रपाळी! त्यांच्या धैर्याला तोड नाही. परंतु त्यांना संध्याकाळी घरी परत जाऊन कोणाचे पान वाढायचे नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी.

पुढे काळ बदलला. परिचारिका लग्न करू लागल्या आणि लग्नानंतरही कामावर राहू लागल्या. अंगरख्याचे माप मात्र तेच राहिले. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, फिरती पाळी, महिन्यातून काही रात्री. जमत असेल तर या, नसेल तर राजीनामा द्या. नोंदणीकृत परिचारिकेला अर्धवेळ काम मिळावे की नाही, हा प्रश्न ह्या अडचणीतून निर्माण झाला आहे. तो केवळ बायकांच्या सोयीचा प्रश्न नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा खाटेवर पडायचे आहे, तेव्हा उशाशी कोण असेल, असा तो प्रश्न आहे.

प्रथम थोडा हिशेब करू. एका आठवड्यात तास असतात 168. वॉर्डात अहोरात्र एक परिचारिका उभी ठेवायची तर, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या हिशेबाने, साडेतीन परिचारिका लागतात. रजा, आजारपण, सणवार धरले की चारांहून अधिक. आता ह्यांतली एक तिशीच्या आत-बाहेर, मूल लहान असताना, नोकरी सोडते. ती अर्धवेळ राहिली असती तर वॉर्डाचे चोवीस तास बुडाले असते. ती गेली म्हणून अठ्ठेचाळीस बुडतात. शिवाय तिच्याबरोबर जाते ते वेगळेच. डिप्लोमाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पदवीचा चार वर्षांचा. त्यावर वॉर्डातली पाच-सात वर्षे. रोग्याचा चेहरा पाहून काही तरी बिघडते आहे हे जाणण्याची नजर ह्या पाच-सात वर्षांत येते, आणि नेमक्या त्याच वेळी ती बाई घरी बसते. विहीर खणायची, पाणी लागले की बुजवून टाकायची, असा हा व्यवहार आहे.

हा हिशेब इंग्लंडला युद्धाने शिकवला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तेथील बहुतेक इस्पितळांत लग्न झाले की नोकरी सुटे. 5 जुलै 1948 रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, आणि औषधोपचार सर्वांना मोफत झाल्यावर ध्यानात आले की खाटा आहेत पण परिचारिका नाहीत. तेव्हा सरकारने लग्न होऊन घरी बसलेल्या परिचारिकांना विनवण्या केल्या: चार तास या, सकाळच्याच या, पण या. ज्या देशाने पहिल्या नोंदणीकृत परिचारिकेला लग्नामुळे घरी बसू दिले, त्याने तिच्या मुली-नातींना अशी हाक मारावी, ह्यात काव्यगत न्याय आहे! हॉलंडने तर 2000 साली कायदाच केला. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणी कामाचे तास कमी करून मागण्याचा हक्क त्याने नोकराला दिला. मालकाने नकार द्यायचा तर सबळ कारण दाखवावे. त्या देशात आज बहुसंख्य परिचारिका पूर्णवेळाहून कमी तास काम करतात, आणि म्हणून तेथील इस्पितळे बंद पडलेली नाहीत.

कोणी म्हणेल, की वॉर्ड म्हणजे काही कचेरी नव्हे. तेथे काम अखंड चालते, त्याचे तुकडे कसे पाडणार? काम अखंड असते हे खरे, पण ते सारखे नसते. सकाळी सात ते अकरा वॉर्डात पाहावे. अंथरुणे बदलायची, रोग्यांची अंगे पुसायची, इंजेक्शने, सलाइन, ऑपरेशनला जाणाऱ्यांची तयारी, डॉक्टरांची फेरी, घरी जाणाऱ्यांचे कागद, नवे येणारे, सगळे एकदम. दुपारी दोनला तोच वॉर्ड निवांत असतो. संध्याकाळी सहानंतर पुन्हा धांदल. पूर्णवेळ माणसे दिवसभर सारख्या संख्येने ठेवली तर सकाळी ती अपुरी पडतात. ह्या गर्दीच्या चार-पाच तासांना अर्धवेळ परिचारिका म्हणजे देवानेच धाडलेली, कारण मुले शाळेत असतात तीही हीच वेळ. याशिवाय डायलिसिस, लसीकरण, बाह्यरुग्ण विभाग, मधुमेह्यांना इन्सुलिन घ्यायला शिकवणे, ही कामे तर स्वभावतःच ठरावीक तासांची आहेत.

दुसरा लाभ रोग्याचा. परिचारिका दमली म्हणजे चुकते, हे सांगायला संशोधन लागू नये. तरी ते झाले आहे. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 393 परिचारिकांनी आपल्या पाळ्यांची टिपणे ठेवली होती. पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चूक होण्याचा संभव सुमारे तिप्पट होतो, असे तीत आढळले. रात्रपाळीचे तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2007 साली, आणि फेरविचार करून 2019 साली, कर्करोगाच्या संभाव्य कारणांत वर्गीकरण केले आहे. तेव्हा तास कमी झाले की बाईचा जीवही थोडा सुरक्षित होतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. आठवड्यातून दोनच दिवस, पण प्रत्येक दिवशी बारा तास, अशा अर्धवेळाने घरची सोय होते. त्या दोन दिवसांतल्या अकराव्या तासाचा थकवा काही टळत नाही. तास कोणते कमी केले, हे पाहिले पाहिजे.

पन्नाशी उलटलेल्या परिचारिकांचा विचार आपल्याकडे कोणी फारसा करत नाही. रोग्याला उचलून उचलून कंबर गेलेली, गुडघे बोलू लागलेले, पण डोके शाबूत आणि हाताला चाळीस वर्षांची सवय. अशा बाईला पूर्ण पाळी झेपत नाही म्हणून घरी पाठवणे म्हणजे नव्या मुलींची शिक्षिका घरी पाठवणे होय. ती रोज चार तास वॉर्डात नुसती फिरली तरी चार चुका टळतील, असे आम्हांला वाटते. नोंदणीचाही मुद्दा आहेच. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे, तेवढ्या काळात दीडशे तासांचे पुढील शिक्षण घ्यावे, असे भारतीय परिचर्या परिषदेचे धोरण आहे. पाच-दहा वर्षे घरी बसलेल्या बाईला परत येणे किती अवघड जाते! औषधे नवी, यंत्रे नवी, मनातली भीती मात्र जुनी. हातात थोडे तरी काम असले तर हा धागा तुटत नाही.

आता उलट बाजू. अर्धवेळाचे गोडवे गाणाऱ्यांनी ती लपवू नये.

आपल्याकडच्या पुष्कळ लहान खाजगी रुग्णालयांत पूर्ण पगारच इतका तोकडा असतो, की त्याचा निम्मा हातात घेऊन येण्याजाण्याचे भाडेही सुटायचे नाही. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा वीस हजार रुपयांहून कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली. किती ठिकाणी ती अमलात आली हे आपल्या गावातल्या कोणत्याही सिस्टरला विचारून पाहावे. पूर्ण वेतन न्याय्य असेल तरच त्याचा अर्धा भाग न्याय्य होईल. नाही तर होते असे, की बाई एका इस्पितळात पूर्णवेळ आणि दुसऱ्यात 'अर्धवेळ' राबते, आणि तिच्या थकव्याची दीडपट होते.

शब्दाचीही एक फसगत आहे. महाराष्ट्रातल्या आरोग्य उपकेंद्रांत 'अंशकालीन स्त्री परिचर' नावाचे पद आहे. त्या बायका काही नोंदणीकृत परिचारिका नव्हेत. पण नावात अंशकाल, मानधन त्याहून अंशतः आणि काम मात्र पडेल तेवढे, ही त्यांची तक्रार जुनी आहे. हेच उद्या परिचारिकेच्या वाट्याला यायला नको. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने परिचारिकांविषयी 1977 साली आणि अर्धवेळ कामाविषयी 1994 साली करार केले. अर्धवेळ नोकराला तासांच्या प्रमाणात पगार, रजा, मातृत्वाचे लाभ आणि संरक्षण मिळाले पाहिजे, हे दुसऱ्या कराराचे सार. भारताने ह्या दोहोंनाही मान्यता दिलेली नाही.

पूर्णवेळ सहकारिणींची तक्रारही ऐकण्यासारखी आहे. अर्धवेळवाल्या सकाळ घेऊन जातात आणि रात्री व रविवार आमच्या गळ्यात पडतात, असे त्या म्हणतात. इंग्लंडच्या वॉर्डांतही हीच कुरकुर झाली. ती रास्त आहे. ह्यावर उपाय एकच दिसतो: नेमणुकीच्या पत्रातच तास लिहावेत आणि रात्री व रविवार ह्यांचा वाटाही त्या तासांच्या प्रमाणात लिहावा. निम्मे तास तर निम्म्या रात्री. ज्या बाईला एकही रात्र शक्य नाही, तिला ठरावीक तासांचे विभाग द्यावेत, वॉर्ड देऊ नये.

उरला प्रश्न रोग्याची माहिती हातोहात जाताना सांडण्याचा. माणसे वाढली की सोपवण्याच्या वेळा वाढतात, आणि 'मला वाटलं, तुम्ही डोस दिला असेल' हे वाक्य नेमके तेथेच जन्म घेते. ह्यासाठी काही ठिकाणी दोघी मिळून एक जागा सांभाळतात. वॉर्ड तोच, जोडीदारीण तीच, आणि एकीची सुटण्याची वेळ दुसरीच्या येण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने. त्या अर्ध्या तासात दोघींनी मिळून खाटांवरून फिरायचे, रोग्यासमक्ष माहिती सांगायची, आणि चार्टवर दोघींनी सही करायची. रुग्णालयाच्या विश्वस्तांपैकी जे आज येथे असतील, त्यांना हा अर्धा तास फुकट मिळावा असे वाटेल. तो पगारात धरावा लागेल, दोघींच्याही.