फुटक्या कानाला स्पंजाचा आधार

कानाचा पडदा आपण समजतो तेवढा बिचारा नाही. जेमतेम 9-10 मिलिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जाडीचा हा पडदा कानाखाली आवाज निघाला, कान कोरताना काडी आत गेली किंवा सर्दीनंतर आत पू साठला की फुटतो. आणि इजा ताजी असेल तर दहातल्या आठ-नऊ वेळा आपला आपण भरूनही येतो. खरा प्रश्न उरलेल्यांचा. भरून येण्याची एवढी हातोटी असताना काही पडदे वर्षानुवर्षे उघडे का राहतात? जैवपदार्थांच्या मदतीने पडदा पुन्हा वाढवण्याच्या अलीकडच्या प्रयोगांचे मोल मला वाटते, ते या प्रश्नाला त्यांनी हात घातला म्हणून. नवा पदार्थ सापडला ही बाब त्यामानाने दुय्यम.

उत्तर पडद्याच्या घडणीत आहे. बाहेरून कातडी, आतून ओलसर श्लेष्मल आवरण आणि मधोमध कोलॅजेनच्या तंतूंचा थर. काही तंतू केंद्राकडून कडेला गेलेले, काही गोल फिरलेले. पडद्याचा ताण आणि कंप या मधल्या थराच्या जिवावर. हाताला खोल खरचटले तर खालून नवे मांस भरत येते आणि त्यावर कातडी सरकते. पडद्याच्या छिद्राखाली मांस नसते, मध्यकर्णातली हवा असते. त्यामुळे इथे कातडीच आधी पुढे सरकते आणि मधला थर तिच्या मागून येतो. छिद्र मोठे असले किंवा कान वाहत राहिला तर ही कातडी कडेवरून आत वळते, आतल्या आवरणाला जाऊन मिळते आणि कड पक्की होऊन बसते. शरीराच्या लेखी जखम तिथे संपलेली असते. स्लॅब ओतायचा तर खाली सेंट्रिंग लावावी लागते आणि काँक्रीटने धरले की ती काढून घ्यायची असते. पडद्याची गरज नेमकी तीच आहे.

वैद्यकाने मात्र फार काळ झाकण शोधले. 1640 मध्ये मार्कुस बांझर या जर्मन वैद्याने नळीच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधलेला कृत्रिम पडदा सुचवला. 1853 मध्ये लंडनच्या टॉयन्बी यांनी चांदीच्या तारेला रबराची चकती लावली, 1887 मध्ये बोस्टनच्या ब्लेक यांनी कागदाचा तुकडा चिकटवला. गंमत म्हणजे त्यातला कागदच योग्य दिशेचा निघाला, कारण त्याच्या आधाराने कातडी सरकायची. विसाव्या शतकाच्या पन्नाशीत जर्मनीत वुल्स्टाइन आणि त्सोलनर यांनी टिम्पॅनोप्लास्टीचा, म्हणजे पडदादुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा, पाया घातला आणि पुढे कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून ते पडद्याखाली बसवण्याची रीत रूढ झाली. आजही जगभर हीच शस्त्रक्रिया होते.

ओसाकाच्या किटानो रुग्णालयातल्या शिन-इची कानेमारू आणि सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. त्यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्ण जागा असतो. कानात औषधाचा बोळा ठेवून पडदा बधिर करतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हत्याराने छिद्राची ती पक्की झालेली कड मुद्दाम खरवडतात, म्हणजे शरीराने बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडतात. बीएफजीएफ या वाढघटकात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज छिद्रात बसवायचा, वरून फायब्रिन गोंदाचे थेंब सोडायचे आणि रुग्णाला घरी पाठवायचे. स्पंजाच्या जाळीत पेशी शिरतात, तंतू विणले जातात, स्पंज विरघळतो. तीन-चार आठवड्यांनी पाहायचे. भोक राहिले असेल तर पुन्हा तेच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात औषध मिळालेल्या 53 जणांपैकी 52 जणांची छिद्रे पूर्ण बुजली, औषधाविना स्पंज लावलेल्या 10 जणांपैकी एकाचेच. हाच वाढघटक जपानमध्ये आधीपासून शय्याव्रणांसाठी वापरात होता. 2019 मध्ये तिथे पडद्यासाठीही त्याला मान्यता मिळाली.

यावर पहिला आक्षेप कोणताही कान-नाक-घसा तज्ज्ञ घेईल: आवरण बसवून बहुतेक छिद्रे बुजत असताना हा खटाटोप कशाला? शस्त्रक्रिया चांगली आहे, वाद नाही. पण तिला भूल लागते, कानामागे किंवा वर छेद लागतो, शस्त्रक्रियागृह आणि सरावलेला हात लागतो. छिद्र असलेल्यांची संख्या आणि शस्त्रक्रियेच्या यादीतल्या जागा यांचा मेळ कुठल्याच सरकारी रुग्णालयात बसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत पुढे झालेल्या यादृच्छिक चाचणीत याच वाढघटकाचा ठळक फायदा सिद्ध झाला नाही. जपानी अभ्यासात तुलनेसाठी 10 जणच होते, हेही विसरून चालणार नाही. माझ्या मते यातून औषधाच्या श्रेयाबद्दल शंका निघते, खरवडलेली कड आणि विरघळणारा आधार या कल्पनेबद्दल नाही. पर्थमध्ये रेशमाच्या प्रथिनाचा पातळ पापुद्रा आणि बोस्टनमध्ये तंतूंच्या त्याच अरीय-वर्तुळाकार रचनेत छापलेला पडदा यांवर काम झाले, तेही आधार कसा असावा याच शोधात. तिसरा आक्षेप, वाहत्या कानाचे काय? इथे जैवपदार्थ हात टेकतात. जंतुसंसर्ग असताना स्पंज बसवता येत नाही, आणि कातडी आत अडकून हाड पोखरणारी गाठ, म्हणजे कोलेस्टिॲटोमा, असेल तर शस्त्रक्रियाच हवी.

आपल्यासाठी हा विषय परका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2004 च्या अहवालात जगातल्या 6.5 ते 33 कोटी लोकांचे कान वाहत असल्याचा अंदाज होता आणि सर्वाधिक प्रमाणाच्या गटात भारताचे नाव होते. जिलेटिनचा स्पंज आपल्याकडच्या टिम्पॅनोप्लास्टीत पडद्याला टेकू म्हणून रोजच वापरला जातो. महाग असतात ती औषध आणि गोंद. म्हणून पहिली भारतीय चाचणी कड खरवडून लावलेल्या साध्या स्पंजाची, औषधासह आणि औषधाविना, शंभरांनी रुग्ण घेऊन आणि जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत व्हायला हवी. महागड्या छापील पडद्याची घाई नाही. तोवर ज्यांचा कान फुटला आहे त्यांनी त्यात कोमट तेल घालू नये, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा ठेवावा आणि तीन महिन्यांत छिद्र बुजले नाही तर तज्ज्ञाला दाखवावे. आधार कुठलाही वापरा, तो कोरड्या कानातच धरतो.