लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप सुरू होत नाही? हिशेब बुडाला असे समजू नका

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित देखभाल बंद केली. जुने लॅपटॉप विंडोज ११ स्वीकारत नाहीत. त्यामुळे अनेक दुकानदार व कारखानदार लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली घेऊ लागले आहेत. टॅली विंडोजसाठीच बनलेले असल्यामुळे बहुतेक जण विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवतात. मग एखाद्या सकाळी पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात आणि पुढे काहीच होत नाही. जीएसटीचे विवरण भरायची तारीख तोंडावर असते आणि दुरुस्तीवाला सांगतो, "फॉरमॅट करावे लागेल." फॉरमॅट म्हणजे वर्षभराच्या खातेवह्या पुसणे. व्यापारी बांधवांनी येथे घाई करू नये. माग बंद पडला म्हणजे सूत जळाले असे होत नाही.

लॅपटॉप सुरू कसा होतो, हे आधी समजून घ्यावे. बटण दाबताच मदरबोर्डवरील यूईएफआय नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. कोणती प्रणाली आधी उघडायची याची यादी त्याच्याकडे असते. त्या यादीप्रमाणे तो डिस्कवरील एका लहानशा कप्प्यात जातो. लिनक्सचा ग्रब नावाचा दरवान तेथे असतो. विंडोज हवे की लिनक्स, हे तो विचारतो व तुम्ही सांगाल ती प्रणाली उघडतो. तुमचा हिशेब वेगळ्याच कप्प्यात असतो. बिघाड बहुधा यादीत किंवा दरवानात असतो, मालाला धक्का लागलेला नसतो.

आता पडद्यावर काय दिसते ते पाहावे.

१) थेट विंडोज उघडते, लिनक्स विचारतच नाही. यादीत विंडोज वर आहे. लॅपटॉप सुरू होताना डेल, लेनोव्हो व एसरवर बहुधा एफ १२, तर एचपीवर एफ ९ दाबून लिनक्स निवडावे. नंतर सेटिंगमध्ये क्रम बदलावा.

२) 'नो बूटेबल डिव्हाइस'. विंडोज यूईएफआय पद्धतीने आणि लिनक्स जुन्या लेगसी पद्धतीने बसले, तर असे घडू शकते. सेटिंगमध्ये यूईएफआय ठेवून पाहावे. डिस्कचे नावच तेथे दिसत नसेल, तर मात्र डिस्कचीच तपासणी करावी.

३) 'ग्रब रेस्क्यू'. दरवान आहे, पण त्याचे सामान सापडत नाही. कोणी लिनक्सचा कप्पा पुसला किंवा हलवला की असे होते. लिनक्स मिंटच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून त्यातील बूट रिपेअर चालवावे.

४) 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन'. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक मशीनवर हा संदेश आला. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली. असा लॅपटॉप अडकला तर सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स अद्ययावत करावे व ते पुन्हा चालू करावे. पण त्याआधी खाली दिलेली बिटलॉकरची सूचना वाचावी.

५) ग्रब दिसतो, पुढे काळा पडदा. हा बहुधा ग्राफिक्सचा दोष असतो. ग्रबमध्ये 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजीत जोडावा व एफ १० दाबावे. हा उपाय त्या एका वेळेपुरता असतो. लिनक्स उघडल्यावर योग्य ड्रायव्हर टाकावा.

६) लिनक्सला डिस्क दिसावी म्हणून सेटिंगमध्ये रेड बदलून एएचसीआय केले आणि विंडोज निळ्या पडद्यावर थांबले. आधीची सेटिंग परत ठेवताच विंडोज उघडते.

खरा धोका एकाच ठिकाणी आहे. पुष्कळ लॅपटॉपवर विंडोजने बिटलॉकर नावाचे कुलूप लावलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की ते ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती नसेल तर त्या कप्प्यातील हिशेब कोणताही कारागीर काढून देऊ शकत नाही. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप चालू असतानाच ती पाहून कागदावर उतरवावी व तिजोरीत ठेवावी.

लिनक्स बसवण्यापूर्वी टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावा. लिनक्सची पेन ड्राइव्ह काम झाल्यावर पुसू नये. मशीन अडले तर तिच्यावरून लिनक्स चालवून फायली उतरवता येतात, मात्र बिटलॉकर असेल तर तेथेही किल्ली लागते. दुरुस्तीवाल्याकडे जाताना पडद्यावरील संदेशाचा फोटो न्यावा आणि पहिली अट हीच घालावी : आधी फायली उतरवा, मग दुरुस्ती करा.