सांबराचा माग

पावसाळा सरला की आनेकल वनपरिक्षेत्रात सांबर शोधायचं ते नजर जमिनीवर ठेवून. बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग म्हणजे खडकाळ टेकड्या, शुष्क पानझडी झाडं आणि काटेरी झुडपं. दिवसा एवढं मोठं जनावर त्यात कुठे दडतं, कळत नाही. वनखात्याची परवानगी घेऊन वनरक्षकाबरोबर ओढ्यात उतरलो, तेव्हा त्याने काठीने आधी लोळण दाखवली. ओल्या मातीत उथळ खड्डा, कडेला चिकटलेले राठ तपकिरी केस, आणि मुताचा इतका उग्र दर्प की वाकून बघणं कठीण. "कडवे," तो कन्नडमध्ये एवढंच म्हणाला. माजावर आलेला नर मुताने भिजलेला चिखल शिंगांनी उकरतो, अंगाला माखतो आणि बुंध्यांना घासत पुढे जातो. जवळच्या एका झाडाची साल माझ्या छातीच्या उंचीला सोलली होती. चिखलाचे फराटे अजून ओले होते. नर रात्रीच येऊन गेला असणार.

ही शिंगं दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी येतात. वाढताना त्यांच्यावर मखमली कातडी असते, तिच्यातून रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की कातडी वाळते आणि नर ती झाडांवर घासून काढतो. एवढं हाड काही महिन्यांत उभं करायचं, ते पाला-गवत खाऊन! मला याचं नवल अजून वाटतं.

उत्तरेकडच्या थंड मुलखातला मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा. आपल्याकडे तो मान सांबराचा. मोठा नर तीनशे किलोपर्यंत भरतो. दोघांनाही पाण्याची ओढ. रणथंबोरच्या तळ्यांत मगरी असूनही सांबरं पोटापर्यंत पाण्यात उभी राहून पाणवनस्पती खातात. मूस लांडग्यांशी पुढच्या खुरांनी झुंजतो, तर रानकुत्री मागे लागली की सांबर पाणी गाठून तिथे पाय रोवतं.

सांज होता होता पलीकडच्या उतारावरून एकच खणखणीत 'ढाँक' आला. वनरक्षक जागीच थांबला. वानरं आणि चितळं बऱ्याचदा उगाच ओरडतात. सांबर सहसा बिबट्यासारखा शिकारी दिसल्या-हुंगल्याशिवाय हाक देत नाही. शेपूट ताठ, कान पुढे, पुढचा पाय जमिनीवर आपटत ते एकाच जागी उभं राहून ओरडतं. बन्नेरघट्ट्याच्याच जैविक उद्यानाच्या सफारीत कुंपणातली सांबरं सुखाने दिसतात, पण ही हाक ऐकायला इकडेच यावं लागतं.

ही हाक टिकायची तर जंगलाची कडही टिकायला हवी. राष्ट्रीय उद्यान 260.51 चौरस किलोमीटरचं. त्याच्याभोवती 2016 च्या मसुद्यात 268.96 चौरस किलोमीटरचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आखलं होतं; 2020 च्या अंतिम अधिसूचनेत ते 168.84 वर आलं. रात्री चरणाऱ्या, कानानाकावर जगणाऱ्या जनावराला जंगलाच्या कडेला अंधार आणि शांतता हवी असते. दगडखाणी आणि वसाहती सरकत येतात त्या याच कडेने. वगळलेले ते शंभर चौरस किलोमीटर परत जोडायला हवेत.