गोळीचं मूळ झाडपाल्यातच

शुगर निघाली की धर्माबादच्या मिरची बाजारात भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस काहीतरी सुचवतो. उपाशीपोटी कारल्याचा रस घ्या, जांभळाच्या बियांची पूड घ्या, आणि त्या गोळ्या आधी बंद करा!

हे शेवटचं ऐकलं की काळजात धस्स होतं. कारण मेटफॉर्मिनच्या ज्या गोळीला लोक ‘केमिकल’ म्हणून घाबरतात, तिचं मूळ झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती आहे, आपल्या मेथीच्याच कुळातली. तिच्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण ते विषारी होतं. त्याच्याशी नातं असलेलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि 1957 मध्ये पॅरिसच्या झां स्टर्न यांनी ते मधुमेहींवर वापरून दाखवलं. विष टळलं, मात्रा ठरली.

मेथीचे दाणे रात्रभर भिजवले की सकाळी पाणी बुळबुळीत होतं. तो विरघळणारा तंतू, गॅलॅक्टोमॅनन. आतड्यात त्याचा चिकट थर होतो आणि भाकरीतली साखर रक्तात सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर प्रयोग झाले, पण तिथली मात्रा दिवसाला 25 ग्रॅम आणि त्याहूनही जास्त होती. फोडणीतल्या चिमूटभर मेथीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

गुडमारचं पान चावून वर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोडाची जाणीव काही काळ अडवतात. रक्तातली साखर मात्र तेवढ्याने उतरत नाही. विजयसार या झाडाची गोष्ट जास्त आशेची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्यानेच मधुमेह निघालेल्या 97 रुग्णांना त्याचा अर्क दिला. 1998 च्या अहवालानुसार 12 आठवड्यांत सुमारे 69 टक्के रुग्णांची साखर आटोक्यात आली. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. ती उणीव भरून काढणाऱ्या मोठ्या चाचण्या आपल्याकडे व्हायलाच हव्यात.

तोवर ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना कारल्याचा रस घ्यायचा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. दोन्ही मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते; मग दरदरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात. आणि आठवडाभरात गुण आला असं ठरवू नका. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दिसतो. रस सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा ही तपासणी करा, गोळ्या न सोडता.