तीन वाट्यांतील रंगशाळा

अडीच-तीन वर्षांचे मूल पिवळ्या फुलाला 'लाल' म्हणते, तेव्हा घरातील मोठ्यांना हसू येते; चौथे वर्ष लागूनही तसेच म्हणत राहिले की काळजी वाटू लागते. वस्तुतः बहुतेक मुलांना रंगांतील भेद बोलता येण्याच्या पुष्कळ आधीपासून दिसत असतो. अडचण असते ती नावाची. चेंडू हातात धरता येतो, 'लाल' हातात धरता येत नाही. म्हणून 'हा रंग कोणता, सांग पाहू' अशी परीक्षा घेत बसण्यापेक्षा मुलाच्या हाती रंग देणे हाच शिकवण्याचा खरा आरंभ होय.

बालशिक्षणाच्या थोर आचार्यांनी हे फार पूर्वी ओळखले. जर्मनीतील फ्रोबेल यांनी मुलांसाठी जी पहिली 'भेट' योजली, ती सहा लोकरी चेंडूंची होती: तांबडा, पिवळा, निळा आणि त्यांच्या मिश्रणातून होणारे नारिंगी, हिरवा व जांभळा. मारिया मॉन्टेसरी यांच्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत तर केवळ तीनच रंगांच्या जोड्या असतात. त्यांची रीत तीन पायऱ्यांची आहे. आधी 'हा लाल' असे सांगावयाचे. मग 'लाल दे' म्हणावयाचे. आणि 'हा कोणता?' हा प्रश्न सर्वांत शेवटी. आपल्याकडे पुष्कळ घरांत तिसऱ्या पायरीपासूनच सुरुवात होते. हीच पद्धती गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात गुजराती वळणाने रुजविली, आणि तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे ती बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली. महागडी साधने नसली तरी पाने, फुले, बिया, शिंपले यांवर काम भागते, हे तेथे सिद्ध झाले.

घरी करावयाचा प्रयोग अगदी साधा आहे. तीन वाट्यांत लाल, पिवळा व निळा जलरंग, एक पेला पाणी, जाड कागद आणि एकच कुंचला. मेणाचे खडू या कामी फारसे उपयोगाचे नाहीत, कारण ते एकमेकांत नीट मिसळत नाहीत. प्रथम कागदावर पिवळा ठिपका देऊ द्यावा आणि त्यात निळ्याचा एकच थेंब सोडू द्यावा. मुलाच्या देखत हिरवा उमटतो. येथे मोठ्यांनी आधीच 'आता हिरवा होईल बरे का' असे सांगून टाकू नये. तो आनंद मुलाचा आहे. प्रमाण मात्र लक्षात ठेवावे. पिवळा बराच आणि निळा किंचित. उलट केले तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो.

चित्रासाठी विषय निवडावयाचा तर आंब्यासारखा दुसरा नाही. कैरी हिरवी, पाडाला लागलेले फळ पिवळसर, आणि पिकलेला हापूस केशरी. तीन वाट्यांतून एका फळाचे सारे आयुष्य कागदावर उतरते. त्यानंतर जांभूळ काढावे. मात्र शेंदराकडे झुकणाऱ्या लालमध्ये निळा घातला तर जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी रंग येतो आणि मूल हिरमुसते. दोष त्याचा नसून रंगाचा असतो. गुलाबीकडे झुकणारा लाल घेतला की जांभूळ साधते.

स्वयंपाकघरातील हळद-चुन्याचा चमत्कार मात्र या धड्यात मिसळू नये. पिवळ्या हळदीत पांढरा चुना पडताच लाल रंग येतो, पण ते मिश्रण नसून रसायन आहे. पाच वर्षांच्या मुलाला त्याने गोंधळात का पाडावे? त्याहून दुकानातील एक वस्तू अधिक उपयोगी: मालाच्या छापील खोक्यांच्या दुमडीवर बारीक रंगीत ठिपके असतात. आकाशी, किरमिजी, पिवळा व काळा या चार शाईंतूनच बहुधा खोक्यावरील सारे चित्र छापलेले असते. थोड्या मोठ्या मुलाला ते दाखविल्यास तो पुढे प्रत्येक खोके उलटून पाहील.

आपल्या घरांसाठी साहित्यखरेदीत एक विचार आवश्यक आहे. कुंचले पुष्कळदा प्राण्यांच्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्धच आहे. किरमिजी हा शब्दही मूळचा किड्यापासून काढलेल्या रंगाचा. नायलॉनचे कुंचले व कृत्रिम रंग सर्वत्र मिळतात. घेताना दुकानदारास विचारावे एवढेच.

आणि शेवटी एक गोष्ट, जिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पाच-सहा वर्षांचे मूल पाने तपकिरी व झाडाचे खोड हिरवे रंगवीत असेल, पुनःपुन्हा सांगूनही लाल-हिरव्यात चुकत असेल, तर त्यास 'लक्ष देत नाही' म्हणून रागावू नये. रंगभेद कमी दिसण्याचा दोष बहुधा जन्मजात असतो, तो मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळतो आणि अनेकदा आईकडून, तिला स्वतःला काहीही त्रास नसताना, मुलाकडे येतो. आईच्या वडिलांना साडीचे काठ किंवा सिग्नलचे दिवे ओळखताना अडचण येत असे काय, याची चौकशी करावी. नेत्रतज्ज्ञ ठिपक्यांच्या चित्रांतील आकडे वाचावयास लावून काही मिनिटांत याचा निर्णय करतात. ज्या घरात कापडाचा वा खड्यांचा व्यापार आहे, त्या घरातील मुलाची ही तपासणी त्याला गादीवर बसविण्याच्या वेळी नव्हे, तर शाळेत घालतानाच व्हावयास हवी.