लाल कोळी वांझ करता येईल काय?

तुरीच्या शेतात एखादे झाड हिरवेगार, झुपकेदार वाढते. पण त्याला फूल नाही, शेंग नाही. शेतकरी याला ‘वांझ रोग’ म्हणतात. या रोगाचा विषाणू झाडोझाडी नेणारा जीव म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक कोळी. (बाईला हिणवण्याचा हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण दुसरा रूढ शब्द नाही.) पिकावरच्या कोळ्यांनाच रसायनाने वांझ करावे, हा विचार १९६० नंतरच्या दशकात पुढे आला.

वांगी, भेंडी, गुलाब यांच्या पानामागे जाळे विणणारा लाल कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात. आकार जेमतेम अर्धा मिलिमीटर. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्याची एक पिढी पुरी होते. त्यामुळे विषाला दाद न देणारे कोळी लवकर निपजतात. मग मारण्याऐवजी वंशच थांबवला तर? १९५४ साली कुरासाव बेटावर किरणांनी वांझ केलेले नर सोडून जनावरांच्या जखमांत अंडी घालणारी माशी नाहीशी केली गेली होती. किरणांचे काम रसायनाने करायचे, एवढाच फरक. टेपा, मेटेपा, अफोलेट ही ती रसायने. पेशीतील डीएनएवर ती घाव घालतात आणि भराभर विभागणाऱ्या बीजपेशी आधी निकामी होतात.

पण कोळ्याची तऱ्हा न्यारी! नराशी संयोग न होताही मादी अंडी घालते, आणि त्यांतून नर निघतात. माद्या निघतात फक्त फलित अंड्यांतून. म्हणजे नुसता नर वांझ केला, तर फलित अंडी मरतात, बाकीची उबतात. पुढची पिढी निव्वळ नरांची. मादीही वांझ करावीच लागते. पण वांझ मादी मरेपर्यंत पानाचा रस शोषतच राहते.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. ही रसायने कोळी आणि माणूस असा भेद करीत नाहीत. त्याच कुळातले थायोटेपा कर्करोगावर देतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमच्याकडे फवारणी करणारा तोंडाला उपरणे बांधतो, आणि पाठीवरचा पंप गळत असतो. अशा माणसाच्या हाती टेपा द्यायचे? ही रसायने प्रयोगशाळेबाहेर फारशी आली नाहीत, हे बरेच झाले.

आज वापरात असलेले इटोक्साझोल निराळ्या वाटेने जाते. मोठा कोळी त्याने मरत नाही. पण फवारा बसलेल्या मादीची अंडी उबत नाहीत, कारण पिल्लाच्या कवचाला लागणारे कायटिन नीट तयार होत नाही. बीजपेशींच्या डीएनएला हात न लावता काम साधले. तरीही इटोक्साझोलला न जुमानणारे कोळी सापडले आहेतच. त्यासाठी एका जनुकातला एक बदल पुरतो.